राजकोटाचा घसारा

माझं बालपण राजकोटात गेलं असं मी एकदा बँकेच्या ट्रेनिंगमध्ये सांगून बसलो. जेवणाच्या सुट्टीत एक गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि माझ्याशी गुजरातीत बोलू लागले. तेव्हापासून मी आधी 'मालवणचा' म्हणतो, मग एक क्षण थांबतो आणि मगच 'राजकोट' उच्चारतो.

आमचा राजकोट म्हणजे मालवण बंदरालगतचा खडकाळ उंचवटा, तीन बाजूंनी समुद्र. समोर पाण्यात सिंधुदुर्ग. त्याचं काम १६६४ साली सुरू झालं, १६६७ ला संपलं. पायात शिसं ओतलं म्हणतात ते तिथेच. त्या थोरल्याच्या रखवालीला तीन धाकटे : दांडीसमोरचा पद्मगड, उत्तरेचा सर्जेकोट आणि हा राजकोट. थोरल्याचं नाव जिल्ह्याला मिळालं, धाकट्याचं गुजरातेतल्या शहराशी गोंधळात पडलं. धाकट्यांचं असंच असतं. मी स्वतः चौथा आहे.

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासात मला लढाया कळत नाहीत, व्यवहार कळतात. आणि मालवणच्या इतिहासात एक व्यवहार असा आहे की तो वाचून आमच्या वसुली खात्यातल्या माणसाला भरून यावं. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला. हौसेने त्याचं 'फोर्ट ऑगस्टस' असं बारसंही केलं. मग हिशेबाला बसले. किल्ला ठेवावा तर खर्च परवडेना, पाडावा तर तट पाडायचं काम अवघड. म्हणजे अगदी आमच्या बँकेने जप्त केलेल्या राइस मिलसारखी गत! शेवटी त्यांनी तो कोल्हापूरकरांना परत दिला. पण फुकट नव्हे. व्यापाराला त्रास देणार नाही अशी कबुली, पुढच्या वागणुकीबद्दल जामीन आणि वर पावणेचार लाखांहून जास्त रुपये. जप्त मालमत्ता मूळ मालकालाच विकून त्याच्याकडून जामीनही घ्यायचा! आमच्या मॅनेजरना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

१८१२ च्या तहाने मालवण कायमचंच इंग्रजांकडे गेलं आणि राजकोट सरकारी वहीत आला. १८२८ ची नोंद सांगते, आत बराक नि इस्पितळ म्हणून वापरता येतील अशा इमारती आहेत. १८६२ ची नोंद सांगते, नुसता सुक्या दगडांचा गडगा, पश्चिमेची बाजू उघडी, तीन कोपऱ्यांवर तीन बुरूज. चौतीस वर्षांत इस्पितळाचा गडगा! कुणी तोफ डागली नाही, कुणी वेढा घातला नाही. पाऊस, खारा वारा आणि दुर्लक्ष. ह्याला आम्ही घसारा म्हणतो.

आमच्या लहानपणी तो घसारा पूर्ण झालेला होता. संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका दगडावर बसत आणि समोरच्या तटाकडे बघत. आम्ही पोरं खेकडे शोधत असू. तो किल्ला आहे हे आम्हांला ठाऊक होतं, पण खेकड्यांना नव्हतं.

मग ४ डिसेंबर २०२३ उजाडला. नौदल दिन मालवणात, राजकोटावर महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा, पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण. भोवती जांभ्या चिऱ्यांचा तट उभा राहिला आणि गडग्याची फिरायची जागा झाली. माणसं मुलांना घेऊन येऊ लागली, फोटो काढू लागली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. बँकेत आता कुणी गुजरातीत बोलत नव्हतं.

२६ ऑगस्ट २०२४ ला दुपारी पुतळा कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. काउंटरवर जो येईल तो मलाच विचारत होता, जणू मी त्याचा जामीन होतो. घरी आलो तर आबा जेवलेले नव्हते. ताटावर जाळी तशीच.

"तू कॉमर्सवालो मां?" त्यांनी विचारलं. "मग माका सांग, समोरच्या तटाक घसारो किती टक्के लावशीत?"

मी मनात आकडेमोड करू लागलो. तीनशेसाठ वर्षं, सरळ रेषेची पद्धत... आणि लक्षात आलं की त्यांना टक्केवारी नको होती. मी ताट गरम करून आणलं. ते दोन घास जेवले.

मे २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला, पहिल्यापेक्षा पुष्कळ उंच. त्याच वर्षी जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांत सिंधुदुर्ग आहे. यादीत राजकोट शोधायचा मोह मलाही झाला. बाराच्या बारा नावं दोनदा वाचली. धाकटा तो धाकटाच.

परवा आबांना घेऊन गेलो. पुतळ्याकडे त्यांनी हात जोडले, मग काठी टेकत कडेला त्यांच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसले. तिथे एक घाटावरचा मुलगा आधीच बसून भेळ खात होता. त्याने विचारलं, "आजोबा, इथला जुना किल्ला कुठाय हो?"

"तू बसलंस तो," आबा म्हणाले.

पोरगा दचकून उठला, भेळेचा पुडा सावरला आणि चपला काढायला लागला.

"बस रे झिला, बस," आबा म्हणाले. "१८६२ पासून सगळे बसतच इलेत."