मास्तर आणि अवधूत

सांबऱ्याहून पुढे गेले की थोड्याच अंतरावर बाळेकुंद्रीची आमराई लागते. श्रीपंतमहाराजांची समाधी ती हीच. दत्तात्रेय रामचंद्र कुळकर्णी हे त्यांचे नाव. जन्म दड्डी येथे, सन १८५५. तारुण्यातच त्यांना श्रीबालमुकुंद ऊर्फ बालावधूत यांचा अनुग्रह लाभला.

दीक्षा म्हणजे भगवी वस्त्रे व गृहत्याग, अशी आपणां पुष्कळांची समजूत असते. पंतांनी ह्यांतले काहीच केले नाही. बेळगावच्या मिशन शाळेत त्यांनी वर्षानुवर्षे मास्तरकी केली, आणि संसारही केला. आम्हांस वाटते, अवधूतपणाची कसोटी येथेच होती. अरण्यात अहंकारास डिवचणारे कोणी नसते. शाळेत मात्र वरिष्ठांचा हुकूम मुकाट्याने पाळावयाचा, आणि घरी परतताच पायांवर मस्तक ठेवणारी शिष्यमंडळी! पहिल्याने मीपणा दुखावतो, हे सोसवते; दुसऱ्याने तो 'गुरू' हे नाव घेऊन नव्याने वाढतो, हे कळतही नाही.

त्यांच्या पदांचा संग्रह 'श्रीदत्तप्रेमलहरी' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ह्यातला दत्त देव की दत्तात्रेय मास्तर, हे निवडू गेल्यास हात रिकामाच राहतो.

१६ ऑक्टोबर १९०५ रोजी पंतांनी देह ठेवला. दर आश्विनात पुण्यतिथीस त्या आमराईत प्रेमध्वज उभारला जातो.