भिंतीतला फोन

"वायर काढली की नेट जोरात चालतंय," असं मी अप्पांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग काढून टाक की."

उत्तर अगदी बरोबर होतं, पण मला ते पटेना. कॉलेजात चार वर्षं जे शिकलो त्यात तांब्याची वायर हवेपेक्षा नेहमीच भरवशाची होती. इथे उलटं घडत होतं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खालचा मजला आजोबांच्या काळातला, दगडी भिंतींचा. वरची खोली नंतर, २०११ साली चढवलेली. फायबरचा डबा खाली रस्त्याकडच्या खोलीत आणि माझं टेबल वर, अगदी मागच्या बाजूला. मधल्या भिंती वायफायला दाद देत नाहीत. म्हणून मेशचे दोन डबे घेतले. मेश म्हणजे एकाच नावाचं वायफाय देणारे, आपापसांत बोलणारे दोन-तीन राउटर. एक खाली ठेवला, एक वर. वरची खोली बांधताना भिंतीतून एक नेटवर्कची केबल वर आणलेली होतीच. दोन्ही डबे त्या केबलने जोडले, वरच्या डब्याला लॅपटॉप वायरने जोडला आणि स्वतःवर खूश होऊन स्पीड तपासला.

खाली २९०. वर ९४. प्लॅन ३०० एमबीपीएसचा.

दोन डब्यांमधली केबल उपटली. आता ते हवेतून बोलू लागले आणि वरचा आकडा १५० वर गेला. पुन्हा केबल लावली, पुन्हा ९४.

हवेतले १५० मला चालले असते, पण ते टिकत नव्हते. संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे राउटर जागे झाले की आकडा ४० वर यायचा. केबलवरचे ९४ त्या मानाने स्थिर होते, पण दिवसातून चार-पाच वेळा दहा सेकंदांसाठी सगळंच तुटायचं, आणि नेमकं मीटिंगमध्ये मी बोलत असताना. पुण्याच्या ऑफिसने मला सोलापुरातून काम करायला तीन महिने दिले होते, 'बघू या जमतंय का' या बोलीवर. त्यातले पाच आठवडे संपले होते. सोलापूरची माझ्या वयाची पोरं पुण्याला जातात आणि दिवाळीला परत येतात. मला ते उलटं करून बघायचं होतं.

*

९४ हा आकडा योगायोगाने येत नाही. तुमच्याही घरी वायरवर ९३-९५ च्या पुढे काही केल्या जात नसेल, तर समजा की कुठला तरी दुवा शंभरवर अडकलाय.

हिशोब सोपा आहे. इथरनेटवर माहिती पाकिटांतून जाते. एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाईट असतात. त्यातले ५० च्या आसपास बाईट आतल्या पत्त्यांमध्ये जातात. पाकिटावरचा पत्ता आणि तपासणीचे आकडे मिळून आणखी १८. पाकीट येतंय हे समोरच्याला कळावं म्हणून आधी ८ आणि दोन पाकिटांमध्ये दम खायला १२. म्हणजे १५३८ बाईटची जागा वापरून साधारण १४५० बाईट कामाचे. शंभराच्या वायरवर हे गुणोत्तर ९४ च्या जवळ येतं. स्पीड तपासणारं ॲप तेवढंच दाखवणार.

पण घरात शंभरवाला डबा एकही नव्हता. सगळे हजारवाले होते. लॅपटॉप आणि वरच्या डब्यामधली वायर बदलून पाहिली, फरक नाही. लॅपटॉप तर त्याचा दुवा हजाराचाच असल्याचं सांगत होता. खोट दोन डब्यांमध्ये होती, म्हणजे भिंतीतल्या केबलमध्ये. मेशचे डबे केबल दिसली की हवेपेक्षा तिलाच पसंती देतात, तिची तब्येत न विचारता. म्हणून केबल लावली की स्पीड उतरायचा.

बाजारातून आठ दिव्यांचा टेस्टर आणला. केबलच्या दोन टोकांना दोन भाग लावायचे, मग एकेक तारेचा दिवा ओळीने लागतो. एक, दोन, तीन लागले. चार, पाच नाही. सहा, सात, आठ लागले.

नेमक्या मधल्या दोन तारा मेलेल्या. केबल ओढताना तुटली असती तर मधल्याच दोन, त्याही एकाच जोडीतल्या, कशा तुटल्या असत्या?

*

हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

पीळ दिल्याशिवाय कापसाचं सूत होत नाही, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. ज्या गिरणीला आम्ही अजून जुनी मिल म्हणतो ती १८७७ साली सुरू झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८१ साली, अलेक्झांडर ग्रॅहम बेलने तांब्याच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याचं पेटंट घेतलं. आधीचे टेलिफोन बहुधा एकाच तारेवर चालायचे, परतीचा रस्ता जमिनीतून. शेजारच्या तारांची खरखर त्या एकट्या तारेत शिरायची. दोन तारा घेऊन त्यांना पीळ दिला की बाहेरचा गोंधळ दोघींवर सारखाच पडतो, आणि दोघींमधला फरक तेवढा ऐकला की गोंधळ वजा होतो. सुताला पीळ ताकदीसाठी, तारेला शांततेसाठी. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८२ मध्ये, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला टेलिफोन एक्सचेंज सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत जगभरच्या भिंतींमध्ये अशा पिळाच्या जोड्या जाऊन बसल्या.

इथरनेटचा जन्म मात्र हवेतला. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. सगळे एकाच लहरीवर बोलत. दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळलं की दोघांनी मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलायचं. हे वाचून झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी तीच कल्पना तारेवर आणली. २२ मे १९७३ च्या टिपणात त्यांनी तिला इथरनेट म्हटलं, आणि डेव्हिड बॉग्स यांच्यासोबत ती प्रत्यक्षात उतरवली. विश्वात भरून राहिलेला इथर १८८७ च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगात सापडलाच नव्हता, ते नाव एका तारेला मिळालं. पहिला वेग २.९४ एमबीपीएस.

माझे डबे हवेतून बोलतात तेव्हा अजून त्याच हवाईच्या नियमाचा सुधारलेला प्रकार पाळतात. एका वेळी एकानेच बोलायचं, शेजाऱ्याचा राउटर बोलत असेल तर थांबायचं. संध्याकाळी ४० का होतात, ते यात आलं.

सुरुवातीची इथरनेटची केबल बोटाएवढी जाड होती आणि ऑफिसांच्या छतातून ओढणं म्हणजे शिक्षा. १९८० च्या दशकात अभियंत्यांचं लक्ष भिंतींकडे गेलं. प्रत्येक टेबलापाशी टेलिफोनची केबल पोचलेली होती आणि तिच्यात दोन-तीन जोड्या रिकाम्या होत्या. १९९० साली प्रमाण ठरलं, टेन बेस-टी. वेग १०, आणि टी म्हणजे पिळाची जोडी.

आता मधल्या दोन तारांकडे या. टेलिफोनच्या प्लगमध्ये पहिली लाइन नेहमी अगदी मध्यभागी असते. आठ तारांच्या प्लगमध्ये ती जागा चार आणि पाच. तिथे निळी जोडी बसते. टेन बेस-टीने ती जागा फोनसाठी मोकळी सोडली. स्वतःसाठी एक-दोन घेतल्या आणि दुसरी जोडी तीन आणि सहावर, म्हणजे निळीच्या दोन बाजूंना. तुम्ही कधी नेटचा प्लग लावला असेल तर हिरव्या जोडीला असं फाकवून का बसवायचं, हा प्रश्न पडला असेल. तिच्या मध्ये फोन बसलाय म्हणून.

१९९५ साली वेग १०० झाला, तरी काम त्याच दोन जोड्यांवर. १९९९ साली हजार आले तेव्हा मात्र दोन जोड्या पुरेनात. चारही जोड्या लागल्या, प्रत्येकीवर २५०, तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. मध्यभागी सोडलेली जागा इथरनेटने शेवटी मागून घेतली.

पण एक जुनी सवय राहिली. दोन डबे जोडले की आधी 'तुला किती वेग जमतो' अशी बोलणी होतात, आणि ती होतात जुन्या दोन जोड्यांवर. माझे दोन्ही डबे तिथे 'हजार' म्हणत होते, हात मिळवत होते, मग चार जोड्यांवर चालायला जात होते आणि ठेचकाळत होते. काही प्रयत्नांनी मुकाट शंभरवर यायचे. ना लाल दिवा, ना सूचना. दुवा क्षणभर तुटला की बोलणी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मीटिंगमधले दहा सेकंद तिथे जात होते.

*

भिंतीत ठोकलेला प्लास्टिकचा चौकोनी डबा मी उघडला. नेटच्या प्लगमध्ये सहाच तारा होत्या. निळी आणि निळी-पांढरी बाजूला काढून, त्यांना टेप गुंडाळून, दुसऱ्या एका पातळ वायरीला जोडलेल्या होत्या. ती वायर भिंतीच्या कडेने आजीच्या खाटेच्या जागेपर्यंत गेली होती. तिथे अजून फोन टांगलेला आहे.

मग आठवलं. मी तेव्हा शाळेत होतो. अप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागावर. मागाच्या खडखडाटात तीसेक वर्षं काढल्यावर त्यांना फोनवरचं नीट ऐकू येत नसे, अजूनही येत नाही. आत्या भिवंडीला, तिथल्याच मागांच्या गावात. तिचा फोन आजी घ्यायची. आजीला जिना झेपेना, ती वरच राहू लागली, तेव्हा अप्पांनी इलेक्ट्रिशियनला सांगून फोन तिच्या उशाशी आणून दिला. माझ्या कॉम्प्युटरसाठी केबल ओढलेली होतीच, तिच्यातल्या दोन जोड्या रिकाम्या होत्या. त्याने त्यातली निळी घेतली. १९९० च्या प्रमाणाने फोनसाठी राखलेलीच जोडी घेतली. तेव्हाच्या शंभरच्या नेटला काही फरकही पडला नाही. त्या माणसाचं काहीच चुकलेलं नव्हतं.

आजी गेली २०१८ साली. लँडलाइन त्यानंतर वर्षभराने बंद केली. फोन मात्र कुणी काढला नाही.

मी अप्पांना वर बोलावलं. उघडा डबा दाखवला. मोठ्याने आणि हळूहळू सांगितलं, की आठातले सहाच धागे चालू आहेत आणि डबे काही न बोलता तसंच काम ओढताहेत.

अप्पांनी चष्मा लावून बघितलं. "आमच्या मागासारखंच आहे हे," ते म्हणाले. "आडवा धागा तुटला की माग आपण होऊन थांबतो. उभा तुटला तर थांबत नाही. कापड निघत राहतं, फक्त रेघ पडते. बघणारा पाहिजे."

साध्या यंत्रमागात आडव्या धाग्यावर एक काटा टेकलेला असतो, धागा नसला की तो माग बंद करतो. उभे धागे हजारोंनी असतात, त्यांच्यावर विणकराचा डोळा असतो. ९४ म्हणजे ती रेघ होती. तेरा वर्षं पडत होती आणि बघणारा कुणी नव्हता.

"निळी काढून घेऊ?" मी विचारलं. "मग हा फोन कधी लागणार नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारणार तेवढ्यात म्हणाले, "तसा तरी कुठं लागतोय? पण खुंटीवरून नको काढू."

*

काम अर्ध्या तासाचं होतं. एक सांगतो, तुमच्या घरची लँडलाइन चालू असेल तर असल्या जोडीला हात लावू नका. तिच्यावर ४८ व्होल्ट असतात, घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. आमची मेलेली होती, तरी मी मीटर लावून खात्री केली. मग दोन्ही टोकांचे जुने प्लग कापले, आठही तारा क्रमाने लावून नवे बसवले. जुन्या प्लगमधली एक तार सैल होती, मधूनमधून तुटण्याचं कारण बहुधा तेच. टेस्टरवर आठही दिवे लागले. वर लॅपटॉपवर २८७.

तीन महिन्यांतले उरलेले सात आठवडे बरे गेले. ऑफिसने मुदत सहा महिन्यांनी वाढवली. त्यापुढचं माहीत नाही.

डबा बंद करण्याआधी आतल्या बाजूला मार्करने लिहिलं: 'निळी जोडी आजीच्या फोनला होती. २०२४ मध्ये नेटला परत जोडली.' पुढे कुणी हा डबा उघडला तर त्याला दीडशे वर्षं मागे जावं लागू नये. अप्पांनी ते वाचलं आणि म्हणाले, तारीखही घाल. बीम बदलला की ते तारीख लिहीत असत. मी घातली.