न झालेल्या गुणांचा इतिहास

बास्केटबॉलच्या जुन्या नोंदी वाचताना मला एक उणीव सतत जाणवते. झालेला प्रत्येक गुण तिथे सापडतो. बचावपटूने होऊ न दिलेला गुण सापडत नाही. चेंडू हिसकावणे आणि प्रतिस्पर्ध्याचा फेका अडवणे यांची मोजणीच एनबीएने १९७३-७४च्या हंगामापासून सुरू केली.

म्हणून बॉबी जोन्स या पॉवर फॉरवर्डची कारकीर्द मला मोलाची वाटते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात डीन स्मिथ यांच्या तालमीत तो घडला. पुढे डेन्व्हर नगेट्सकडून आणि १९७८पासून फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडून अपस्मार व दमा सांभाळत तो खेळला. सामन्यामागे त्याचे सरासरी गुण बाराच्या आसपास. आकडेवारीत डोळे दिपावेत असे काही नाही. मात्र १९७७ ते १९८४ अशी सलग आठ वर्षे एनबीएच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात त्याचे नाव होते. १९८३मध्ये फिलाडेल्फिया विजेता ठरला. त्याच वर्षी सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार सुरू झाला, आणि त्याचा पहिला मानकरी जोन्स होता.

१९८६मध्ये तो निवृत्त झाला. ‘हॉल ऑफ फेम’चे दार उघडले ते २०१९मध्ये, तेहतीस वर्षांनी. बचावपटूंची ती निवड मात्र प्रशिक्षकांच्या मतांनी होत असे. त्याच्याविरुद्ध डाव आखणाऱ्यांनीच त्याची थोरवी आठ वेळा लिहून ठेवली होती. आकडे मुके असतात तिथे प्रतिपक्षाची साक्ष हेच माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह साधन.