डिकीतला सबवूफर आणि सिडनीतले गणित

🧵 गाडीच्या डिकीत सबवूफर बसवायला निघालेला तरुण दुकानात दोनच प्रश्न विचारतो : पेटी कोणती आणि वॅट किती? वरवर हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे नीट मांडायला ध्वनितंत्रज्ञांना जवळजवळ पन्नास वर्षे लागली. हा थ्रेड त्या पन्नास वर्षांचा.

१९२५. जनरल इलेक्ट्रिकचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्याविना चालणाऱ्या स्पीकरवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू. आजच्या सबवूफरचा सांगाडाही हाच. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या सुरांत मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि दोन्ही लाटा एकमेकींना गिळून टाकतात. पेटी हवी ती या मागच्या लाटेला आवरण्यासाठी. शोभेचा भाग नंतरचा.

१९३२ साली बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांना एका वेगळ्या युक्तीचे पेटंट मिळाले. मागची लाट कोंडण्याऐवजी पेटीला एक वाट ठेवायची. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर हवा घुमते, तशीच ही वाट एका ठरावीक कंपनसंख्येला घुमते आणि मागची लाट पुढच्या लाटेची साथीदार होते. हीच आजची पोर्टवाली पेटी. पण वाट किती रुंद, पेटी किती मोठी, याचे उत्तर बहुधा अंदाजपंचे दिले जाई. एकाच सुरात घुमणाऱ्या पेट्यांची बदनामी तिथूनची.

१९५४ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे एडगर विल्चूर आणि हेन्री क्लॉस यांनी उलट वाट धरली. त्यांच्या एआर-१ ची पेटी पूर्ण बंद होती. आतली कोंडलेली हवाच शंकूची स्प्रिंग झाली आणि कपाटाएवढ्या पेटीतला बास फळीवर मावू लागला. किंमत मोजावी लागली ती वॅटमध्ये. क्लॉस यांचे पुढचे भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियमच रूढ झाला : लहान पेटी, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात.

मग गणित आले, आणि तेही ऑस्ट्रेलियातून. १९६१ मध्ये नेव्हिल थील यांनी दाखवले की पोर्टवाली पेटी म्हणजे गणिताच्या दृष्टीने एक विद्युत फिल्टरच आहे. त्यांनी २८ जुळण्यांचे कोष्टकच देऊन टाकले. निबंध ऑस्ट्रेलियन नियतकालिकात होता. १९७१ मध्ये अमेरिकेत पुनर्मुद्रण होईपर्यंत जगाने त्याकडे फारसे पाहिले नाही. अमेरिकेतून सिडनी विद्यापीठात आलेल्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या निबंधांत ते काम पूर्णत्वाला नेले. स्पीकरच्या कागदावर आज दिसणारे एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे आकडे या दोघांची देणगी.

स्मॉल यांनी वॅटच्या मर्यादेचेही दोन भाग केले, आणि खरा कस इथेच आहे. पहिली मर्यादा उष्णतेची. स्पीकरला दिलेल्या विजेचा जेमतेम एखादा टक्का ध्वनी होतो. उरलेली वीज वेटोळे तापवते. दुसरी मर्यादा हालचालीची. तेवढाच आवाज निम्म्या कंपनसंख्येला हवा असेल, तर शंकूला चौपट सरकावे लागते. बंद पेटीत हवेची स्प्रिंग त्याला आवरते. पोर्टच्या पेटीत मात्र ठरावीक कंपनसंख्येच्या खाली तो आधारच सुटतो आणि शंकू मोकाट धावतो. वर ५०० वॅट छापलेला स्पीकर तिथे त्याच्या अंशमात्र वॅटमध्ये फाटू शकतो. पोर्टच्या पेटीसोबत सबसॉनिक फिल्टर लावतात, तो यासाठी.

गाडीने या हिशेबात एक सवलत दिली. सुमारे ३ मीटर लांबीच्या बंद गाडीत ५७ हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याखाली हवेचा दाब आपोआप वाढू लागतो; सिद्धांतानुसार दर सप्तकाला १२ डेसिबल. बंद पेटीचा बास नेमका त्याच दराने घसरतो. काचा आणि पत्रा लवचीक असल्याने पूर्ण फायदा मिळत नाही, तरी घरात सपक वाटणारी छोटी बंद पेटी डिकीत भरदार वाजते, ती यामुळे.

छापील वॅटकडे मात्र संशयाने पाहिलेले बरे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. ४ ओहमच्या स्पीकरवर, व्होल्टेज वाढवणारे मंडल नसलेला अॅम्प्लिफायर स्वच्छ लहरीचे फार तर २६ वॅट देऊ शकतो. लहरीची टोके पार छाटली की हाच आकडा सुमारे ५२ होतो. डॅशबोर्डावरच्या ‘५० वॅट × ४’ चे मूळ इथे आहे. अशी छाटलेली लहर वेटोळ्याला दुप्पट तापवते. अमेरिकेने १९७४ मध्ये वॅटच्या जाहिरातींवर नियम आणला; पण तो घरगुती अॅम्प्लिफायरपुरता होता.

पेटीचा आराखडा करून देणारी संगणकीय साधने आज फुकट मिळतात. त्यांच्या पोटात थील-स्मॉल यांचीच समीकरणे आहेत. त्यांतला शंकूच्या हालचालीचा आलेख फार थोडे जण उघडतात. वॅट वाढवले की त्याची रेघ वर सरकते. पेटी बदलली की रेघेचा आकारच बदलतो.