सात अष्टमांश इंचाची माया

चौरस कापड कर्णावर कापले की दोन काटकोन त्रिकोण मिळतात. वेगवेगळ्या रंगांचे असे दोन त्रिकोण त्याच कर्णावर एकमेकांना शिवले की पुन्हा एक चौरस तयार होतो, अर्धा गडद आणि अर्धा फिकट. अमेरिकी क्विल्टमधील शेकडो नक्ष्या या एवढ्याशा घटकावर उभ्या आहेत. असे चार चौरस फिरवून मांडले की भिंगरी होते, ओळीने मांडले की करवतीचे दाते दिसू लागतात.

या घटकाच्या मापाचा नियम आज क्विल्ट शिवायला बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही दिवसांतच सांगितला जातो: तयार चौरस जेवढा हवा त्यापेक्षा ७/८ इंच मोठा चौरस कापावा. तयार चौरस ३ इंचांचा हवा असेल तर कापायचा चौरस ३ पूर्णांक ७/८ इंचांचा. पाऊण इंच किंवा पूर्ण एक इंच न घेता हाच आडनिडा आकडा का घ्यायचा, याचे उत्तर भूमितीत मिळते. तो आकडा लागू का लागला, याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते.

आधी भूमिती पाहू. शिवणीसाठी कडेला जे जादा कापड ठेवतात त्याला आपले शिंपी 'माया' म्हणतात. क्विल्टमध्ये ही माया पाव इंचाची असते. साध्या चौरसाला दोन्ही बाजूंनी पाव-पाव, म्हणजे अर्धा इंच जादा धरला की काम भागते. त्रिकोणाला तेवढ्याने भागत नाही. काटकोनाच्या टोकाला पाव इंच पुरतो. पण निमुळत्या टोकाशी बाजूची आणि कर्णाची माया एकत्र येते आणि ते टोक लांबवर सरकते. दोन्ही टोके मिळून ही वाढ पाव इंच गुणिले (२ + √२), म्हणजे सुमारे ०.८५४ इंच भरते. शुल्बसूत्रांनी चौरसाच्या कर्णाला 'द्विकरणी' म्हटले, कारण त्यावर उभा केलेला चौरस क्षेत्रफळाने दुप्पट होतो. त्याच कर्णाची ही करामत आहे. √२ कोणत्याही अपूर्णांकात नेमका बसत नाही, आणि इंचाच्या पट्टीवर तर फक्त अष्टमांश आणि षोडशांश असतात. म्हणून ०.८५४ चे ०.८७५ झाले. फरक सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा आहे. एका तुकड्यात तो जाणवतही नाही, पण २० तुकड्यांच्या ओळीत तो एक सेंटीमीटरच्या वर जातो.

आता प्रश्न असा, की हा आकडा ठाऊक नसताना पूर्वीच्या स्त्रियांनी सुबक त्रिकोण कसे शिवले? ब्रिटनमधील क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ साल नोंदलेले एक रेशमी पांघरूण आहे. त्याची पद्धत अशी: कागद तयार आकाराचाच कापायचा, त्यावर कापड दुमडून टाचायचे आणि कडा जोडायच्या. माप कागदात असते. मागे दुमडलेले कापड थोडे कमी-अधिक असले तरी बिघडत नाही. अमेरिकेत धावदोऱ्याने तुकडे जोडण्याची पद्धत रुळली. तिथे पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा साचा कापडाच्या उलट बाजूवर ठेवून रेघ आखत, अंदाजाने पाव इंच बाहेरून कापत आणि आखलेल्या रेघेवरून शिवत. 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात क्विल्टच्या नक्ष्या छापल्या. त्या घरोघरी पोहोचल्या त्या अशाच साच्यांच्या रूपाने.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. खूण असते ती शिवणीच्या रेघेची; कापलेली कड गौण असते. डोळ्याने होणारी चूक मायेत जाते आणि माया आत दडते. √२ चा हिशेब करायची वेळच येत नाही, कारण साचा स्वतःच तो हिशेब असतो.

हे बदलले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुने क्विल्ट भिंतीवर टांगून दाखवले आणि या कलेकडे नव्याने लक्ष गेले. बार्बरा जोहाना यांनी १९७० च्या दशकात झटपट पद्धती रूढ केल्या: दोन कापडे एकमेकांवर ठेवायची, कर्णाच्या दोन्ही अंगांनी यंत्राने शिवायचे आणि मग कापायचे. यात आणखी एक लाभ होता. कर्णाची कड उरेब असते आणि उरेब कापड हात लागताच ताणते. आधी शिवून मग कापले की तो धोका टळतो. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या गोल पात्याची सुरी बाजारात आणली. पारदर्शक पट्टी, चटई आणि हे पाते यांनी कापडाचे अनेक थर एका फटक्यात कापता येऊ लागले. आता शिवणीची रेघ कोणी आखेना. शिवणयंत्राखालून कापड जाई ते कापलेल्या कडेच्या भरवशावर.

रेघ शिवणीवरून कडेवर सरकली आणि साच्यात मुकाट्याने राहिलेले गणित बाहेर आले. ७/८ हा आकडा पाठ करावा लागला तो यामुळे. यावरून जुन्या स्त्रिया 'अंदाजाने' शिवत होत्या आणि अचूकपणा नंतर आला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. त्यांचा अचूकपणा शिवणीत होता, नव्यांचा कापण्यात आहे. संख्येत मांडलेल्या ज्ञानालाच ज्ञान म्हणायची आपल्याला सवय आहे. त्यामुळे पुठ्ठ्याच्या एका झिजलेल्या त्रिकोणात साठवलेली भूमिती आपल्या नजरेतून निसटते. ज्यांनी ती साठवली त्यांची नावेही बहुतेक क्विल्टवर नाहीत.

गंमत अशी, की आज अनेक अनुभवी हात ७/८ सुद्धा सोडून देतात. ते सरळ पूर्ण एक इंच जादा धरतात, त्रिकोण जोडतात आणि तयार चौकोन पट्टीखाली ठेवून कडा छाटतात. थोडे कापड वाया जाते, पण शिवताना झालेली चूक छाटणीत निघून जाते. आकड्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा चुकीला जागा ठेवणे, ही साच्याच्या काळातली युक्ती वेगळ्या वाटेने परत आली आहे.

तो अर्ध्या मिलिमीटरचा फरकही जाणूनबुजून जादा बाजूला ढकललेला आहे. जास्त झालेले कापड छाटता येते, कमी पडलेले वाढवता येत नाही. शिवणाऱ्या हातांना हे √२ च्या आधीपासून ठाऊक होते, आणि आपल्या शिंप्यांनी त्या जादा कापडाला दिलेले नाव यापरते नेमके नाही.