शेगडीतला कोळसा



गेल्या पौषात आम्ही सारे शेतावर हुरड्याला जमलो होतो. हुरडा नेहमीप्रमाणे गोवऱ्यांच्या आगटीत भाजला. त्यानंतर मुलांनी शहरातून आणलेली जाळीची शेगडी मांडली. हल्ली या प्रकाराला बार्बेक्यू म्हणतात. कोळशाची पिशवी बाजारातून आणलेली होती. वांगी, मक्याची कणसे, पनीर आणि मटणाचे तुकडे जाळीवर चढले आणि धुराचा असा लोट उठला की सर्वांच्या डोळ्यांना पाणी आले. घासही कडसर लागला. मुलांनी जाळीला दोष दिला. सासूबाईंनी मात्र पिशवीतला एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर आपटला आणि म्हणाल्या, "अगं, ह्यो कोळसा कच्चा हाय!"

हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळले. आपल्या आधीच्या पिढीतील बायकांना हे ज्ञान होते आणि ते आपल्या हातून निसटत चालले आहे, असे मला त्या दिवशी वाटले. म्हणून कोळशाचा हा थोडासा इतिहास आपल्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

कोळसा म्हणजे अर्धवट जळलेले लाकूड, असे पुष्कळांना वाटते. ते तितकेसे खरे नाही. लाकूड उघड्या हवेत जळले की त्याची राख होते. तेच हवा कोंडून तापवले, तर त्यातील पाणी व धूर निघून जातो आणि काळा कोळसा उरतो. यासाठी लाकडे रचून त्यांवर पाला व माती थापतात, आत विस्तव घालतात आणि हवेपुरती भोके ठेवतात. प्रथम दाट पांढरा धूर येतो, तो पाण्याच्या वाफेचा. पुढे धूर पातळ व निळसर झाला की भोके बुजवतात. हे काम कित्येक दिवस चालते. रात्री माती खचून भोक पडले तर सगळ्या भट्टीची राख होते, म्हणून जागता पहारा लागतो. इतके करून १ किलो कोळशासाठी साधारण ५ ते ७ किलो लाकूड खर्ची पडते. घाईने भट्टी उघडली, तर आतले लाकूड तपकिरी राहते. तोच कच्चा कोळसा.

कोणत्या कामाला कोणता कोळसा, याची निवड फार जुनी आहे. आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मुलूख मैदान तोफ होती. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ साली परंड्याहून विजापूरला नेली. तोफेची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. त्या कामाला रुईसारख्या हलक्या झाडाचा कोळसा घेत, कारण तो सहज दळला जातो व चटकन पेटतो. लोहाराचे काम अगदी उलट. त्याला बाभळीसारख्या जड लाकडाचा, टिकून धगधगणारा कोळसा हवा. गावोगाव हिंडणाऱ्या घिसाड्यांची पाले आपण पाहिली आहेत. तेथे पुरुष लोखंड धरतो आणि घण बाईच्या हातात असतो. त्या भात्यापुढचा विस्तव कोळशाचाच असे.

आपल्या घरांतून रोजचा स्वयंपाक तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर होई. कोळसा विकत आणणे क्वचितच. चुलीतले निखारे झाकून विझवायचे आणि डब्यात भरून ठेवायचे, ही घरची रीत. देवापुढच्या धुपाला, इस्त्रीला, पापड भाजायला आणि बाळंतिणीच्या शेकाला तोच कोळसा उपयोगी पडे. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला, त्यामागून गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गॅस पुष्कळ गरीब घरांतही पोहोचला. बाईचे डोळे आणि छाती धुरापासून वाचली, हे फार चांगले झाले. मात्र कोळशाची पारख मागे पडली.

आता बाजारातील कोळशाविषयी. आपल्या दुष्काळी भागात गायरानात व ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजली आहे. ती मूळची इथली नव्हे. अमेरिका खंडातले हे झाड १८७७ च्या सुमारास हिंदुस्थानात आले आणि जळणासाठी ओसाड रानांतून लावले गेले. आज पिशवीतला पुष्कळसा कोळसा तिचाच असतो. तो जड, चांगला आणि बराच वेळ धग देणारा असतो, पण नीट भाजलेला असेल तरच.

दुसरा प्रकार ठोकळ्यांचा. कोळशाची भुकटी पिठासारख्या चिकट पदार्थात मळून हे ठोकळे दाबतात. अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डने १९२० नंतरच्या काळात मोटारीच्या लाकूडकामातून उरलेल्या तुकड्यांचे असे ठोकळे करून विकले. तेथे अंगणात भाजण्याची चाल त्यामुळे वाढली. ठोकळे एकसारखे जळतात, पण त्यांची राख अधिक पडते.

सासूबाईंकडून शिकलेली पारख अशी: दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. खणखणीत आवाज आला तर कोळसा पक्का. बद्द आवाज आला तर तो ओला किंवा कच्चा. तुकडा मोडून पाहावा. आत काळी चकाकी व लाकडाच्या रेषा दिसाव्यात, तपकिरी रंग दिसू नये. पिशवी हातात घेऊन तळाशी चुरा किती आहे ते बघावे. पावसाळ्यात घेतलेल्या कोळशात आपण पाण्याचेही पैसे मोजतो, हे ध्यानात ठेवावे. पेटवताना रॉकेल ओतू नये, घासाला वास लागतो. नारळाची करवंटी किंवा शेंडी पुरते. आणि ज्वाळेवर भाजू नये. निखाऱ्यावर राखेची पांढरी साय धरली म्हणजे वांगे ठेवावे. दगडी कोळसा तर अन्न भाजायला मुळीच वापरू नये. त्यात गंधक असते.

एक गोष्ट जिवावरची आहे. कोळसा धूर न करताही कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. बाळंतिणीच्या खोलीत थंडीत दारे लावून शेगडी ठेवणाऱ्या घरांनी हे विसरू नये. शेगडी विझत आली तरी ती उशाशी नको.

शेवटी, ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहावयास बसले, ती सांगते. आपण कोळशाचा आवाज ऐकतो, पण तो भाजणाऱ्याचा आवाज ऐकत नाही. महाराष्ट्रात कोळशाच्या भट्ट्यांवर पिढ्यानपिढ्या राबणारे लोक म्हणजे कातकरी. रायगड, ठाणे, पालघरकडचा हा आदिवासी समाज. खैराचा कात काढणारे, म्हणून कातकरी. १८७८ च्या कायद्यासारख्या इंग्रजी जंगल कायद्यांनी रान त्यांच्या हातून गेले आणि पुष्कळांना कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरी पत्करावी लागली. पावसाळ्यात घरात दाणा नसतो. तेव्हा ठेकेदाराकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर जायचे. मुलांची शाळा तेथेच सुटते. हिशेब ठेकेदाराच्या वहीत असतो. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी उचल काही संपली नाही.

उचल हा शब्द आपल्या जिल्ह्याला का समजावून सांगायला हवा? आपल्याच गावांतून दर वर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि उचल फिटेपर्यंत सुटका नाही. कोयत्यावर गेलेल्या बाईची बहीणच भट्टीवर बसली आहे. तिचे रान निराळे, कर्ज मात्र एकच.

मुलांनी अंगणात शेगडी मांडावी, भाजावे, आनंदाने खावे. माझी त्याला ना नाही. परंतु कोळसा घेताना तो खणखणतो का, हे पाहावे, आणि हा कोणी भाजला, हेही एकदा दुकानदाराला विचारावे. कदाचित त्याला उत्तर देता येणार नाही. पण सगळ्याच बाया विचारू लागल्या, तर त्यालाही पुढे कोणाला तरी विचारणे भाग पडेल.