कॅमेऱ्याच्या केसला जडलेला तांबडा विकार

#थ्रेड

जुन्या कॅमेऱ्याची चामडी केस हाताळताना बोटांना तांबूस भुकटी लागते. ती धूळ नव्हे. खुद्द चामडेच झडत असते. या विकाराला ‘रेड रॉट’ म्हणतात. त्याचे निदान छायाचित्रकारांनी नव्हे, तर ग्रंथप्रेमींनी केले आणि त्या कथेत महाराष्ट्राच्या ओळखीच्या दोन वनस्पती येतात.

१८४३ च्या सुमारास लंडनच्या अथीनियम क्लबातील ग्रंथांच्या चामडी बांधण्या ढासळू लागल्या होत्या. मायकेल फॅरडे यांनी बोट ठेवले ते गॅसच्या दिव्यांवर. गॅसमधील गंधक जळून निघणारा वायू चामड्यात मुरतो, तिथे त्याचे आम्ल बनते आणि ते चामड्याचे तंतू तोडते.

परंतु शतकानुशतके जुन्या बांधण्या शाबूत आणि नव्या मात्र जर्जर, हे कसे? लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली त्यासाठी समिती नेमली. १९०५ मध्ये तिचा अहवाल ग्रंथरूपाने आला. बराचसा दोष कातडी कमावण्याच्या द्रव्यात निघाला. कॅटेकोल गटातील टॅनिने आम्लापुढे टिकत नाहीत. तरवडाच्या सालीने कमावलेली मेंढी-शेळीची हिंदुस्थानी कातडी (तिकडे तिला ‘पर्शियन’ म्हणत!) समितीने अगदी खालच्या पंक्तीत बसवली. सुमाक मात्र उत्तम ठरला आणि आपला हिरडा त्याच्याच गटातला. गंमत अशी, की तरवडाने कमावलेली कातडी आणि हिरडा, दोन्ही हिंदुस्थानातूनच विलायतेला जात होते.

हा इशारा पुस्तकबांधणीपुरताच राहिला. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लायका अवतरला, छोटा कॅमेरा खांद्याला लटकून हिंडू लागला आणि त्याच्यासोबत चामडी केसही. त्या काळी चर्मोद्योगात दक्षिण अमेरिकेतील केब्राचो लाकडाचा अर्क मुबलक वापरला जाई. तोही कॅटेकोल गटातलाच.

म्हणूनच ‘केसला तेल चोळा’ हा सर्वात लोकप्रिय सल्ला सर्वात फसवा आहे. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने गाजलेल्या मलमात लॅनोलिन, सीडरवूड तेल व मेण असे. त्याने चामडे तुकतुकीत दिसते. तुटलेले तंतू सांधले जात नाहीत. उलट जादा स्निग्धांश पितळी बटणांशी व रिव्हेटांशी संयोग पावून हिरवट, मेणचट थर धरतो.

पाणी तर त्याहून घातक. रेड रॉट झालेले चामडे भिजले की काळे पडते आणि वाळल्यावर कडक होते. संवर्धक त्याऐवजी हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून पातळ हाताने लावतात. भुकटी जागच्या जागी बांधली जाते. गेलेले बळ मात्र परत येत नाही.

शिवण उसवली असेल तर जुनीच छिद्रे वापरावीत. आरीने नवी पाडली, तर कमकुवत कड टपालाच्या तिकिटासारखी फाटते. मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुया आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी टाका, ही खोगीर शिवणाऱ्यांची रीत इथे श्रेष्ठ. एक टाका तुटला तरी दुसरा तग धरतो. यंत्राची शिवण मात्र ओघाने उसवत जाते.

व्हिनाइलचे दुखणे सर्वस्वी वेगळे. म्हणून आधी कापलेली कड भिंगाखाली पाहावी: गुंतलेले तंतू दिसले तर चामडे, विणलेल्या कापडावर गुळगुळीत थर दिसला तर बहुधा नक्कल. बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी १९२६ च्या सुमारास ठिसूळ पीव्हीसीला प्लास्टिसायझर मिसळून लवचिक केले. तेच द्रव्य काळाच्या ओघात पृष्ठभागावर झिरपते. केस आधी चिकट होते, मग ताठरते आणि घडीवर तडकते. चामड्याचे तेल इथे निरुपयोगी, अल्कोहोल अपायकारक. सौम्य साबणाच्या पाण्यात किंचित ओलावलेल्या फडक्याने पुसावे आणि लगेच कोरडे करावे, एवढेच.

केस कितीही उत्तम दुरुस्त झाली, तरी कॅमेरा तिच्यात ठेवू नये. कोकणातल्या पावसाळ्यात चामडे दमट हवा धरून ठेवते आणि बंद केसच्या अंधारात भिंगावर बुरशीचे जाळे पसरते. ती काचेवरचा लेप खाते. जीर्ण पीव्हीसीतून तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटून धातू गंजतो. केस एका फडताळात, कॅमेरा दुसऱ्या.